दिलेला पाय

पैलवान आयुष्यात एकदाही कुस्ती खेळला नव्हता. मान जाड होती, कान थोडे चपटे होते, म्हणून लोकांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्याचा धंदा मालिशचा. तरण्याताठ्यांची मालिश त्यानं केव्हाच बंद केली होती. ते अंग दाखवायला येतात, असं तो म्हणे. आता त्याची गिऱ्हाइकं सगळी सत्तरीच्या पुढची. गुडघे धरलेली, कंबर वाकलेली, खुर्चीतून उठायला तीनदा झोका घेणारी. मालिशनं म्हातारा माणूस तरुण होत नाही, हे तो पहिल्याच दिवशी सांगून टाकी. खुर्चीतून उठतो, आपल्या पायानं न्हाणीघरापर्यंत जातो, आपल्या पायानं परत येतो. एवढंच. ज्याला हे एवढंसं वाटतं त्यानं अजून सत्तरी बघितलेली नाही.

रोज दुपारी चार वाजता तो मोजणीसाहेबांकडे जाई. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बेचाळीस पायऱ्या. पैलवान स्वतः बहात्तर वर्षांचा होता, पण मध्ये कुठं थांबत नसे. दम लागला तरी दाराबाहेर उभा राहून तो गिळी आणि मगच बेल वाजवी.

साहेब चौऱ्याऐंशीचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. साखळी घेऊन, खुणेचे दगड रोवत, उन्हातान्हात. बायको गेली, मुलगा परदेशी. घरात ते आणि त्यांची थोरली मुलगी, दोघंच. मुलगी एकोणसाठ वर्षांची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली, कमरेला पट्टा बांधून वावरणारी. पैलवान तिला ताई म्हणे.

साहेबांचा डावा पाय गेली तीन-चार वर्षं गुडघ्याखाली मरत चालला होता. डॉक्टर म्हणाले, शिरा दमल्या. पैलवान शिरांबद्दल बोलत नसे. तेलाची बाटली गरम पाण्याच्या मगात उभी करायची. अंगठ्यापासून सुरुवात. एकेक बोट फिरवायचं, टाचेमागचे दोन खळगे दाबायचे, पोटरी खालून वर, नेहमी खालून वर. मग चार बोटांनी गुडघ्याची वाटी हलवायची. शेवटी साहेबांना खुर्चीतून तीनदा उठवायचं आणि तीनदा बसवायचं. या कामानं तो पाय तीन वर्षं चालता राहिला होता. आता राहत नव्हता.

त्या शनिवारी साहेबांनी पाय काठीसारखा ताठ धरला होता.

“सोडा,” पैलवान म्हणाला.

“सोडलाय.”

“सोडलेला पाय असा असतो होय? खांब धरल्यासारखं वाटतंय.”

“मग खांबाला तेल चोळ. तुला चोळण्याशी मतलब.”

ताई दारात उभी होती. तिच्या हातात एक छापील कागद होता. ती बापाकडे न बघता बोलली.

“बाबा, सोमवारी मी ती जागा बघून येते. नुसती बघून येते.”

“बघ की. मोजूनही ये. खोली किती बाय किती, ते विचार. लोक सांगताना भिंती धरून सांगतात.”

“चांगलं सांभाळतात म्हणे तिथं. माझ्यानं तुम्हाला उचलवत नाही, बाबा. परवा न्हाणीत पडलात, तर मी शेजाऱ्यांच्या दाराला जाईपर्यंत तुम्ही ओल्या फरशीवर होतात.”

“पाऊण तास,” साहेब म्हणाले. “घड्याळ दिसत होतं मला.”

ती आत निघून गेली. खोलीत पडदे ओढलेले होते. तेलाचा वास, जुन्या नकाशांचा वास, औषधाच्या गोळ्यांचा वास. वीज गेली आणि पंखा हळूहळू थांबला. तो थांबल्यावर कळलं की घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता.

“पैलवान, सोमवार परवा ना?”

“परवा.”

साहेब आणखी ताठ झाले.

इथं एक सांगायला हवं. पैलवानाला ज्यानं हा धंदा शिकवला, त्यानं हात शिकवायच्या आधी बोलणं शिकवलं होतं. गिऱ्हाइकाला म्हणायचं, पाय सोडा. हात सोडा. मान सोडा. द्या असं म्हणायचं नाही. सोडलेली वस्तू खाली पडते, तो म्हणाला होता, दिलेली वस्तू घेणाऱ्याकडे जाते. पैलवानानं त्यावर कधी डोकं चालवलं नव्हतं. पन्नास वर्षं तो ‘सोडा’ म्हणत आला होता, कारण तसंच म्हणायचं असतं.

त्या दिवशी त्याला राग आला. साहेबांचा नव्हे, पायाचा. तीन वर्षांची मेहनत त्याच्या हाताखाली लाकूड होऊन पडली होती, आणि परवा ताई जाऊन त्या लाकडासाठी खाट बघणार होती. त्यानं घोटा दोन्ही हातांत घट्ट धरला.

“द्या इकडे,” तो म्हणाला. “मला द्या तो पाय.”

साहेबांनी मान उचलली.

“घेतोस?”

“घेतो.”

“मग घे...”

पाय सैल झाला. एखादं पोतं खांद्यावरून उतरावं तसा त्याच्या हातात आला. खोलीतला तेलाचा वास गेला. त्याच्या जागी दुसरा कुठला आला नाही. नुसता गेला.

पैलवानानं काम पुरं केलं, हात पुसले, पिशवी उचलली. जिना उतरताना एकोणिसाव्या पायरीवर त्याचा डावा पाय चुकला. कठडा होता म्हणून तो वाचला. त्यानं खाली बघितलं. चप्पल पायातून निसटून दोन पायऱ्या वर राहिली होती आणि त्याला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दार उघडलं ते साहेबांनी.

ताई मागं उभी होती, एक हात तोंडावर. “सकाळपासून तीनदा गॅलरीत गेले,” ती म्हणाली. “काठी नको म्हणतात. काका, तुमचे हात सोन्याचे आहेत.”

“अकरा पावलं,” साहेब म्हणाले. “खुर्ची ते गॅलरी. पूर्वी साडेनऊ होती. पाऊल आखूड झालंय माझं.”

सोमवारी ताई कुठं गेली नाही. तो छापील कागद तिनं डब्याखाली घातला.

पैलवान कुणाला काही बोलला नाही. घोट्यापर्यंत पाय झोपला होता, आठवड्यात तो गुडघ्यापर्यंत झोपला. त्यानं स्वतःवर सगळं करून बघितलं. बोटं फिरवली, खळगे दाबले, पोटरी खालून वर. हाताला पाय लागत होता, पायाला हात लागत नव्हता. दुसऱ्याच कुणाचा पाय आपल्या मांडीवर आहे असं वाटे. तो लंगडू लागला. चार गिऱ्हाइकं लांबची होती, ती सुटली. बेचाळीस पायऱ्यांना आता तो तीनदा थांबे.

“बाबा, पाय दाखवा कुणाला तरी,” सून म्हणाली. मुलगा दिवसभर कामावर, घरात हीच बोलणारी.

“मीच बघतो लोकांचे पाय.”

“तेच म्हणते. आपला तेवढा राहिला.”

महिनाभरानं एका सकाळी तो घरात खाटेवर बसला होता. पायाखाली गोणपाट होतं. त्याच्या डाव्या तळव्याला एकदम गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. त्यानं खाली बघितलं. गोणपाटच. पुन्हा लागलं. मध्ये थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा. मग एक उंच पट्टी, पितळेची, बोटांना अडलेली. त्यापलीकडे खरबरीत, ऊन लागून तापलेली फरशी. मग ओलं.

ती पहिली, गार फरशी त्याच्या ओळखीची होती. तीन वर्षं तो तिच्यावर गुडघे टेकून बसला होता.

त्या दिवशी साहेबांच्या पायाला हात लावण्याआधी त्यानं विचारलं, “सकाळी साडेदहाला गॅलरीत गेला होतात?”

“गेलो होतो.”

“पाणी सांडलं होतं तिथं.”

साहेबांनी चष्मा काढला. “कुंडीतलं. तुला कुणी सांगितलं?”

“पायानं.”

आत ताई भांडी लावत होती. पैलवानाचा आवाज खाली गेला.

“साहेब, चूक माझी. तोंडातून गेलं. तुम्ही... तुम्ही पाय परत घ्या.”

“तुझा लंगडतोय तो?”

“गुडघ्यापर्यंत गेला. माझं पोट चालण्यावर आहे. मी घरोघर जाणारा माणूस. बसलो तर संपलो.”

साहेब काही रागावले नाहीत. कचेरीत एखाद्या शेतकऱ्याला समजवावं तसे बोलले. “हे बघ. हद्द एकदा कायम झाली, दोन्ही बाजूंनी हो म्हटलं, की मी ती पुन्हा कधी मोजली नाही. कुणासाठीही नाही. तू मागितलास, मी दिला. मी विचारलंही होतं तुला.”

“विचारलं होतं,” पैलवान म्हणाला.

“ती मला ठेवून येणार होती रे.”

“माहीत आहे.”

“मग? तू अजून एकाहत्तरचा आहेस.”

“बहात्तरचा.”

“तेच ते.”

पैलवानानं तेल हातावर घेतलं आणि काम सुरू केलं. दुसरं काय करणार? पाय ऊबदार होता. पोटरी भरली होती. इतका चांगला पाय त्याच्या हाताखाली कित्येक वर्षांत आला नव्हता. तो आपल्याच हातांनी तयार झालाय, याचं त्याला बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळसही आली. मग दोन्ही गेलं.

तो जात राहिला. वाटलं होतं, एखाद दिवशी म्हाताऱ्याचं मन पालटेल. रोज निघताना तो एकदाच विचारी, “घेता?” साहेब नाही म्हणून मान हलवत.

आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी बाराच्या सुमाराला तो जेवून खाटेवर बसला होता. डाव्या तळव्याखाली साहेबांची खोली होती, ती सरली. मग उंबरा. मग पायरीची धार. पायरीमागून पायरी, खाली, खाली. त्यानं मोजल्या. एका पायाला एकवीस लागल्या. म्हणजे दोन्ही मिळून बेचाळीस.

मग तापलेलं डांबर लागलं. अनवाणी.

चौऱ्याऐंशीचा माणूस भर दुपारी अनवाणी रस्त्यावर. पैलवान काठी घेऊन उठला. पंधरा मिनिटांचं अंतर, त्याला दोन तासांहून जास्त लागले. वाटेत तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत होता. साहेब कुठं दिसले नाहीत. त्याचा एक पाय फुटपाथवर होता आणि तोच पाय दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यावर होता. तिथं डांबर संपून खडी लागली होती.

ताईनं दार उघडलं. “आज लवकर?”

“साहेब कुठं आहेत?”

“आहेत की खुर्चीत. सकाळचं खाणं झाल्यावर बसले ते बसलेत. झोपू दे म्हटलं.”

“खाली गेले नाहीत?”

“एकटे? मी दार सोडून हलले नाही, काका. काय झालं?”

खोलीत पडदे ओढलेले होते. साहेब खुर्चीत होते, हात मांडीवर, मान किंचित कलती. पैलवान नेहमीसारखा त्यांच्या पुढ्यात बसला. त्याला कुठंही हात लावून कळलं असतं, पण त्यानं डावा पायच उचलला. पन्नास वर्षं माणसाचं मांस हाताळलेल्याला दोनदा बघावं लागत नाही. पाय गार होता. घोटा वळत नव्हता. तळवा उलटा करून त्यानं बघितला. स्वच्छ. धुळीचा कणही नव्हता.

तो पाय दोन्ही हातांत होता, आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या तळव्याखाली खडी रुतत होती. एक पाऊल. मध्ये जागा. एक पाऊल. सावकाश, न अडखळता, मोजून टाकल्यासारखं.

“साहेब,” तो कानाशी जाऊन म्हणाला, “घ्या... आता तरी घ्या...”

घेणारं तिथं कुणी नव्हतं.

“झोपलेत ना?” ताईनं दारातून विचारलं.

“ताई, डॉक्टरांना फोन करा.”

डॉक्टर आले. बारा वाजता गेले असावेत म्हणाले, झोपेतच, काही त्रास न होता. ताई जमिनीवर बसून राहिली. “चालायला लागले होते हो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “चांगले चालायला लागले होते.” संध्याकाळी साहेबांना नेलं. पैलवानाचा पाय एव्हाना मांडीपर्यंत झोपला होता; त्याला खाली जाऊन चार पावलंही सोबत करता आली नाहीत. तो जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभा राहिला, आणि त्याच्या तळव्याखाली खडी संपून माती लागली.

त्यानंतर तो कामाला गेला नाही.

खाटेवर बसून असे. मांडीपासून खाली पाय मेलेला, आणि त्या मेलेल्या पायाला सगळं कळे, फक्त इथलं काही कळत नसे. माती, मुरूम, नांगरलेली ढेकळं. एकदा घोटाभर पाणी, दोन दिवस. कधी चढ, बहुतेक उतार. पाय जेवायला थांबत नसे, झोपायला थांबत नसे. ठरावीक पावलं झाली की काटकोनात वळे आणि पुन्हा चालू लागे. पैलवानाला त्यातलं फार समजत नव्हतं, पण एवढं समजलं की कुणीतरी काहीतरी मोजत आहे, आणि ते फार मोठं आहे.

मुलानं त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं विजेच्या तारा लावल्या, कागदावर सरळ रेघ आली. डॉक्टरनं विचारलं, “आजोबा, या पायाला काहीच लागत नाही?”

“वाळू,” पैलवान म्हणाला.

डॉक्टरनं मुलाकडे बघितलं. मुलानं मान खाली घातली. भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. भीतीसुद्धा पायासारखीच झाली होती. आहे हे कळे, लागत नसे. उजवा पाय मात्र धड होता. त्या एका पायावर आणि काठीवर तो न्हाणीघरापर्यंत जाई आणि परत येई. रोज सकाळी उठल्यावर तो आधी उजवा अंगठा हलवून बघे. तेवढा हलला की दिवस त्याचा.

असे चाळीसएक दिवस गेले असतील. एका सकाळी, अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. सून गरम पाण्याची बादली घेऊन आली आणि त्याच्यासमोर पाटावर बसली.

“आयुष्यभर लोकांचे पाय धरलेत,” ती म्हणाली. “आता माझी पाळी. इकडं करा.”

“राहू दे.”

“राहू दे काय? नखं बघा कशी झालीत. लोक म्हणतील, सून बघत नाही.”

तिनं डावा पाय मांडीवर घेतला, पाणी ओतलं, आणि थांबली.

“बाबा, तुम्ही उंबऱ्याबाहेर कधी गेलात?”

“दवाखान्यात नेलं तेव्हा. महिना झाला.”

“मग हे काय हो...”

त्यानं पाय वळवून बघितला. टाचेला उभ्या भेगा पडल्या होत्या, बोट जाईल एवढ्या खोल. अंगठ्याखाली घट्टा आला होता, जुन्या चामड्यासारखा, पिवळा. असे पाय त्यानं पाहिले होते. वर्षानुवर्षं अनवाणी चालणाऱ्यांचे असतात. खाटेवर बसलेल्याचे नसतात.

“काटा आहे,” सून म्हणाली. “मोडलाय आत. थांबा.”

तिनं सुई आणली, दिव्यावर तापवली, आणि ओठ मिटून काढायला बसली. बराच वेळ लागला. निघाला तो बोटाच्या पेराएवढा. तिनं तो कागदावर ठेवला. काटा हिरवा होता. मुळाशी चीक होता, आणि कागदावर त्याचा ओला डाग पसरत गेला.

“दुखलं?”

“नाही.”

तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर सिमेंटचा चौक होता, दोन मोटारी होत्या, समोरची भिंत होती. तिनं पाय पुसून खाली ठेवला आणि दुसरा मांडीवर घेतला.

पैलवान खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसला. सूनबाईचे हात चांगले होते, त्याला वाटलं, हलके होते. शिकवली असती तर शिकली असती. तो वाट बघत होता. पाणी ओतेल, कोमट लागेल. फडक्यानं पुसेल, खरखरीत लागेल.

“झालं,” सून म्हणाली. तिचा आवाज फार लहान झाला होता. “निघाला.”

“काय निघाला?”

तिनं कागद पुढं केला. त्यावर दोन काटे होते.